फुफ्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज: घरच्यांनी कुठून सुरुवात करायची

आमच्या हिचा बायोप्सीचा रिपोर्ट २०१८ च्या दिवाळीनंतर आला. डॉक्टर म्हणाले होते, "स्टेज फोर." कराडात आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचं "लास्ट स्टेज आहे म्हणे" झालं. पुढचे दोन आठवडे माणसं अशी भेटायला यायची की जणू शेवटचंच. तिसऱ्या दिवशी हिने स्वयंपाकघरातून मला सुनावलं, "अहो, चहा तुम्हीच करा आता. माझ्याच मयताला आलेल्यांची सरबराई मला नाही जमायची."

हे मी सातव्या वर्षी लिहितोय. ती बाहेर कुंड्यांना पाणी घालतेय.

गेल्या आठवड्यात ज्यांच्या घरात अशी फाइल आली असेल, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. मी डॉक्टर नाही, सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. औषध कोणतं ते तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. पण त्यांना काय विचारायचं, कोणता कागद जपायचा, कधी धावायचं आणि कधी थांबायचं, हे आम्हाला कुणी एका जागी बसून सांगितलं नाही. चुकत चुकत कळलं.

आधी दोन शब्दांचा अर्थ

चौथी स्टेज म्हणजे रोग मूळ फुफ्फुसाच्या बाहेर गेलाय: दुसऱ्या फुफ्फुसात, छातीच्या आवरणातल्या पाण्यात, हाडांत, मेंदूत, यकृतात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. रोग कुठवर पोचलाय एवढंच तो आकडा सांगतो. ऑपरेशन करून सगळं काढून टाकता येईल ही शक्यता बहुतेक वेळा संपलेली असते, हे खरं. पूर्ण बरं होणं दुर्मीळ, हेही खरं. पण आटोक्यात ठेवून वर्षानुवर्षं जगणं आता दुर्मीळ राहिलेलं नाही. "डायबेटिससारखं समजा," असं काही डॉक्टर धीर द्यायला म्हणतात. मला ते पटत नाही. शुगरची गोळी दीड-दोन वर्षांनी अशी अचानक दगा देत नाही. या रोगात आज लागू पडलेलं औषध कधी ना कधी थकतं, आणि ते थकण्याआधी पुढच्याची तयारी असावी लागते. या सात वर्षांत आमचं मुख्य काम तेच होतं.

दुसरा शब्द मीडियन. नेटवर बसलात की "सरासरी इतके महिने" वाचायला मिळतं आणि झोप उडते. अकरा रुग्ण जितके दिवस जगले त्या क्रमाने रांगेत उभे केले, तर मधला सहावा म्हणजे मीडियन. त्याच्या पुढे पाच जण असतात आणि शेवटचा फार लांब उभा असू शकतो. शिवाय तुम्ही वाचताय तो आकडा कोणत्या रांगेचा, हेही बघायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नुसत्या किमोवर मधला माणूस साधारण आठ महिने जगायचा. गाठीच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेल्यांना सुरुवातीपासून ओसिमर्टिनिब ही गोळी दिली त्या मोठ्या चाचणीत तो आकडा ३८.६ महिने आला. एएलके या दुसऱ्या जनुकात बदल असलेल्यांना लॉर्लॅटिनिब ही गोळी दिली त्या चाचणीत पाच वर्षांनंतरही ६० टक्के लोकांचा रोग वाढलेला नव्हता. म्हणून तुमची रांग कोणती हे कळेपर्यंत नेट बंद ठेवा.

कशाची घाई, कशाची नाही

रिपोर्ट हातात आला की घरातला प्रत्येक जण म्हणतो, उद्याच्या उद्या किमो सुरू करा. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दोन-तीन आठवडे थांबून सगळ्या तपासण्या नीट करून घेतलेल्या परवडतात. उलट घाईत चुकीचं औषध सुरू झालं तर ते महागात पडतं. कसं, ते पुढे येतंच.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. पाठ दुखत असताना पायांतली ताकद गेली, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं आणि उलटी, तोल जाणं, फिट येणं, जीभ जड होणं ही मेंदूकडची लक्षणं. चेहरा आणि मान सुजणं, खोकल्यातून बऱ्यापैकी रक्त, आडवं झालं की दम लागणं, एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखणं (रक्ताची गुठळी या रोगात वरचेवर होते), यांतलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत जा. छातीत पाणी झालं असेल तर ते काढल्यावर त्याच दिवशी माणूस मोकळा श्वास घेतो. ते पाणी फेकून देऊ न देता तपासणीला पाठवायला सांगा, त्यातही कर्करोगाच्या पेशी सापडतात.

तुकडा, ब्लॉक आणि त्याची पावती

आमची सुरुवात टीबीपासून झाली. खोकला, वजन कमी, एक्सरेत डाग. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी औषध सुरू झालं आणि चार महिने चाललं. मी त्या डॉक्टरांना फारसा दोष देत नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला संशय तिथेच जाणार. पण टीबीचं औषध सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाले, वजन वाढत नाही, डाग तसाच किंवा मोठा दिसतोय आणि जंतू कधी सापडलेच नव्हते, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी मागून घ्या. "सिगारेट ओढत नाहीत ना, मग कॅन्सर कशाला असेल" यावर जाऊ नका. आमच्या हिने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. आपल्याकडच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात असे रुग्ण खूप आहेत, बायकांत तर फारच.

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. घरातल्या सोन्याइतका तो जपायचा. त्यातूनच पुढच्या सगळ्या जनुकीय तपासण्या होतात आणि तुकडा सुपारीच्या खांडाएवढाही नसतो. एका लॅबने पाच तपासण्यांना कापला, दुसऱ्या लॅबने परत तीन केल्या, की तो संपतो आणि रुग्णाला पुन्हा सुई. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारा: "मॉलिक्युलर टेस्टला पुरेल इतका तुकडा घेणार ना?" नंतर ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे, त्याचा नंबर काय आणि तो बाहेर नेला असेल तर पावती कुठे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लॅबला अर्ज दिला की ब्लॉक आणि स्लाइड मिळतात. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सपेक्षा त्यांचाच उपयोग होतो.

तुकडा कमी पडला किंवा पुन्हा सुई घालणं धोक्याचं असेल तर रक्तातूनही बदल शोधता येतो, त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. त्यात बदल सापडला तर तो ग्राह्य. सापडला नाही तर मात्र तो नाहीच, असा अर्थ काढू नका.

रिपोर्टमधली अक्षरं

पहिली विभागणी स्मॉल सेल आणि नॉन-स्मॉल सेल अशी. शंभरात साधारण पंच्याऐंशी जण दुसऱ्या गटात येतात. स्मॉल सेल झपाट्याने वाढतो, त्यात किमो लवकर सुरू करावी लागते, तिथे आठवडे घालवू नका. मी इथे लिहितोय ते मुख्यतः नॉन-स्मॉल सेलचं, आणि त्यातल्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकाराचं.

ॲडेनो असेल तर निदान ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि पीडी-एल१ एवढं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. परवडत असेल तर एनजीएस नावाची एकत्र तपासणी करा. त्यात मेट, रेट, बीआरएएफ, केआरएएस, हर२ असे बाकीचे बदलही दिसतात. एकेक टेस्ट काही दिवसांत येते, एनजीएसला दोन-तीन आठवडे लागतात. भारतात ॲडेनोच्या जवळजवळ चौथा हिस्सा रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो, युरोप-अमेरिकेपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त. एएलके शंभरात पाचेक जणांत, आरओएस१ एक-दोघांत. हे बदल जन्मजात नसतात, गाठीच्या पेशीत नंतर झालेले असतात. मुलांची तपासणी करायची का, असं आमच्या मुलीने पहिल्या दिवशी विचारलं होतं. या कारणासाठी सहसा गरज नसते.

ईजीएफआर "पॉझिटिव्ह" एवढंच वाचून थांबू नका, कोणता ते बघा. एक्झॉन १९ डिलीशन आणि एल८५८आर हे नेहमीचे दोन, त्यांना गोळ्या चांगल्या लागू पडतात. एक्झॉन २० इन्सर्शन हे वेगळं प्रकरण आहे, त्याला नेहमीच्या गोळ्या सहसा चालत नाहीत.

पीडी-एल१ हा टक्का इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांसाठी, असतो. ईजीएफआर आणि एएलके नसेल आणि हा टक्का ५० किंवा वर असेल, तर एकट्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनो औषधावर पाच वर्षांनंतर शंभरातले बत्तीस जण हयात होते, किमोने सुरुवात केलेल्यांत सोळा. टक्का कमी असेल तर किमो आणि इम्युनो जोडून देतात. कुठलाही बदल सापडला नाही म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

क्रम चुकवू नका

रिपोर्ट यायचाय, घरचे अस्वस्थ आहेत, म्हणून कुणी इम्युनोथेरपी सुरू करतो आणि पंधरा दिवसांनी ईजीएफआर पॉझिटिव्ह येतो. इथे दुहेरी नुकसान आहे. या बदलांच्या रुग्णांत इम्युनोचा फायदा तसाही कमी. त्यात इम्युनो दिल्यावर लगेच ओसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो, म्हणजे सगळ्यात चांगलं औषधच हाताबाहेर जातं. थांबणं शक्यच नसेल तर रिपोर्ट येईपर्यंत नुसती किमो सुरू करता येते. हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

ईजीएफआरवाल्यांपुढे पहिला प्रश्न असतो, एकटी गोळी की गोळी अधिक किमो. परळच्या टाटा मेमोरियलमध्येच ३५० रुग्णांवर यावर काम झालं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. जेफिटिनिब या ईजीएफआरच्या जुन्या गोळीवर एकटीवर रोग मधल्या माणसात ८ महिने थांबला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही किमो दिल्यावर १६ महिने. जेफिटिनिबची जेनेरिक गोळी आपल्याकडे स्वस्तात मिळते, म्हणून ज्यांना ओसिमर्टिनिब झेपत नाही त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पुढे ओसिमर्टिनिब अधिक किमोनेही एकट्या ओसिमर्टिनिबपेक्षा आयुष्य वाढतं असं दिसलं. अर्थात दोन्ही मिळून त्रास जास्त होतो. सत्तरीच्या, अशक्त माणसाला तो सोसेल का, हे रुग्णाला बघूनच ठरतं.

दुसरं मत जरूर घ्या, आणि त्यासाठी पहिल्या डॉक्टरांची परवानगी मागायची गरज नाही. परळला जाणं जमत नसेल तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी इथेही कर्करोगाची रुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे. योजना मोठ्या रुग्णालयात आखून घ्यायची आणि सलाइन, रक्त तपासणी गावाजवळ करायची, ही पद्धत आम्हाला मानवली. दर तीन आठवड्यांनी कराड-मुंबई करून माणूस रोगापेक्षा प्रवासाने खचतो.

पैसा आणि मुक्काम

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. किमो, रेडिएशन सहसा बसतं. महागडी गोळी बसेलच असं धरू नका, नाव सांगून विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मुख्यमंत्री सहायता निधीला आणि पंतप्रधान निधीला अर्ज करताना रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते सोशल वर्कर काढून देतात. आमच्या अनुभवात त्या खात्यातल्या ताई अर्ध्या डॉक्टर असतात, त्यांच्याशी नीट बोला. ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तो मिळत नाही.

गोळ्यांच्या किमती हलत असतात. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ झालं, सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलेक्टिनिब या एएलकेच्या गोळीवरचा जीएसटी शून्यावर आला. बहुतेक कंपन्यांची रुग्ण-सहाय्य योजना असते: काही महिने विकत घेतलं की पुढचे महिने फुकट किंवा सवलतीत. डॉक्टरांची सही लागते आणि मूळ बिलं लागतात, एकही टाकू नका. बाहेरच्या देशातली स्वस्त गोळी कुरिअरने आणून देतो म्हणणारे भेटतील. बिल नाही, बॅच नंबर तपासता येत नाही, अशी गोळी घेऊन रोग वाढला तर औषध थकलं की गोळीच खोटी होती, हे कधीच कळत नाही. मला तो जुगार कधी करवला नाही.

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं माफ असतं, सोबत्यालाही सवलत मिळते. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देतं. आम्ही रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचो आणि सकाळी दादरला उतरायचो. मुक्कामाला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत. यादी लांब असते, म्हणून तारीख मिळाली की त्याच दिवशी चौकशी करा.

गोळीबरोबर राहणं

गोळी म्हणजे किमोपेक्षा सोपी, असं वाटतं. पहिल्या महिन्यात हिच्या चेहऱ्यावर, छातीवर तारुण्यपीटिकांसारखं पुरळ आलं. "साठीत पिंपल्स," म्हणून हसली, मग रडली. ईजीएफआरच्या गोळ्यांचा तो नेहमीचा त्रास. पहिल्या दिवसापासून दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि पदर, साधा सौम्य साबण. पिंपल्सची मलमं लावू नका, त्वचा आणखी कोरडी पडते. वाढलं तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. नखांच्या कडा सुजतात, म्हणून नखं सरळ कापायची आणि घट्ट चप्पल नको. जुलाबावर लोपेरामाइड घरात असू द्या, आणि ताक-भात, केळं. दिवसात चारापेक्षा जास्त वेळा वाढीव जावं लागलं तर फोन करा. त्रास होतो म्हणून आपल्या मनाने गोळी अर्धी करणारे मी बघितलेत. डोस कमी करणं कधी कधी योग्यच असतं, पण ते डॉक्टरांनी करायचं.

ॲलेक्टिनिबला बद्धकोष्ठता, स्नायू दुखणं, वजन वाढणं, नाडी मंदावणं. ती गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. लॉर्लॅटिनिबने कोलेस्टेरॉल हमखास वाढतं, सूज येते, आणि काहींचा स्वभाव बदलतो: चिडचिड, विसराळूपणा, उदासी. घरच्यांना वाटतं माणूस खचला, पण ते औषधाचं असू शकतं आणि डोस बदलून सुधारतं. एर्लोटिनिब ही ईजीएफआरची जुनी गोळी उपाशीपोटी घ्यायची. ओसिमर्टिनिबला जेवणाचं बंधन नाही, पण अधूनमधून ईसीजी आणि टूडी-एको लागतो.

कोणत्याही गोळीवर किंवा इम्युनोवर असताना नव्याने कोरडा खोकला आणि दम सुरू झाला तर ते सर्दीचं समजून काढा पीत बसू नका. औषधाने फुफ्फुसाला सूज आली असेल तर औषध थांबवून स्टिरॉइड द्यावं लागतं. इम्युनोचा त्रास थायरॉइड, आतडी, यकृत, कुठेही निघतो, आणि औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. म्हणून पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी "इम्युनो घेतलंय" हे आधी सांगा. किमोवर असताना ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. पेमेट्रेक्सेड असेल तर फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन चुकवू नका.

आता औषधांची भांडणं. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे यातल्या बहुतेक गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण कोसळतं. टीबीचं औषध चालू असताना कुणी गोळी लिहिली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी आपण पाण्यासारखी खातो. जेफिटिनिब, एर्लोटिनिबचं शोषण तिने घटतं. ओसिमर्टिनिबला तसा फरक पडत नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. भाद्रपदात गणपतीपुढे पपनस ठेवलेलं असतंच, बाकीच्यांनी खावं.

आणि काढे. सात वर्षांत आम्हाला सुचवलेल्या झाडपाल्याची यादी केली तर एक वनस्पतीकोश होईल. हळदीचं दूध, आलं, जेवणातलं काहीही चालतं. पण भस्मं, "यकृत शुद्ध करणारी" चूर्णं, रोजचा गुळवेलीचा रस यांपासून लांब राहा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. या गोळ्यांनी यकृतावर आधीच ताण असतो. एन्झाइम वाढले की चालणारं औषध बंद करावं लागतं, आणि दोष कुणाचा ते समजत नाही. नको म्हणताना नातेवाईक दुखावतात. मी सगळ्यांकडून पुड्या घ्यायचो, धन्यवाद म्हणायचो आणि माळ्यावर ठेवायचो.

खाण्यात पथ्यापेक्षा वजन महत्त्वाचं. अंडी, डाळी, मासे, पनीर, जे जाईल ते. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरते असं मानून अंग सुकवू नका. रोज चालणं, जमेल तेवढं. घरात कुणी सिगारेट, विडी ओढत असेल तर आता तरी बंद, रुग्णाचीही, निदानानंतर सोडण्याचाही फायदा होतो. वर्षाला फ्लूची लस, आणि न्यूमोकोकलची.

स्कॅन, आणि गोळी थकते तेव्हा

दर दोन-तीन महिन्यांनी सीटी. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. रिपोर्टमध्ये "स्टेबल" वाचून पहिल्यांदा मी हिरमुसलो होतो, गाठ गेली नाही म्हणून. आता तो शब्द आला की पेढे. दोन-चार मिलिमीटरचा फरक मोजण्याच्या चुकीतही येतो, त्यावर रात्र जागवू नका. तुलना शेवटच्या स्कॅनशीच नाही तर सगळ्यात चांगल्या स्कॅनशी करायला सांगा, हळूहळू होणारी वाढ तिथे उघडी पडते. सीडी जपा, नुसता कागद पुरत नाही.

मेंदूचा एमआरआय सुरुवातीलाच करून घ्या, लक्षणं नसली तरी. ओसिमर्टिनिब, ॲलेक्टिनिब, लॉर्लॅटिनिब मेंदूत बऱ्यापैकी पोचतात, त्यामुळे बारीक डाग असतील तर पूर्ण डोक्याचं रेडिएशन लगेच लागेलच असं नाही. ठिपक्यापुरतं नेमकं रेडिएशन होऊ शकतं का, हे विचारा.

हिला जेफिटिनिब १९ महिने चाललं. २०२० च्या मध्यात, लॉकडाऊनमध्ये, स्कॅन वाढला. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं नाही, आधी रक्त पाठवलं. टी७९०एम नावाचा नवा बदल निघाला. जुन्या गोळ्या थकतात तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत तो सापडतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालतं. औषध थकलं की आधी का थकलं ते शोधायचं, त्यासाठी पुन्हा तुकडा किंवा रक्त, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं. क्वचित रोग स्मॉल सेलमध्ये बदलतो. ते रक्तात नीट कळत नाही, तुकडाच लागतो, आणि उपचार पूर्ण वेगळा होतो.

२०२३ मध्ये एका मणक्यात डाग वाढला, बाकी सगळं शांत. तेव्हा गोळी न बदलता फक्त त्या मणक्याला रेडिएशन दिलं. एक खोडकर पोरगा आहे म्हणून अख्खा वर्ग बदलायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर आणखी वर्ष निघालं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड सुरू करण्याआधी दातांचं काम उरकून घ्या, इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. २०२४ मध्ये फुफ्फुसात वाढ दिसली आणि किमो जोडली, गोळी चालू ठेवून. आता तीन आठवड्यांनी पेमेट्रेक्सेड, कराडातच.

तिच्याबरोबर त्याच महिन्यात नंबर लावलेली काही माणसं आज नाहीत. त्यांनी काही कमी केलं नव्हतं. बदल वेगळा होता, किंवा गोळी लागूच पडली नाही.

पॅलिएटिव्हवाल्यांना उशिरा बोलावू नका

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रुग्णाचा त्रास हलका करणारा विभाग. त्याचं नाव काढलं की घरचे दचकतात. बोस्टनमध्ये १५१ रुग्णांवर काम झालं, २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, याच रोगाच्या याच स्टेजवर. निदान झाल्या झाल्या ज्यांना पॅलिएटिव्हची जोड मिळाली, ते जास्त चांगले जगले आणि मधल्या माणसाचा हिशेब धरला तर जवळपास पावणेतीन महिने जास्त जगले. दुखणं, दम, झोप, भूक, मन, ही त्यांची कामं आणि ती पहिल्या दिवसापासूनची. मॉर्फिनची भीती नको. नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनने दुखणं आणि दम दोन्ही हलके होतात. बद्धकोष्ठतेची गोळी तेवढी त्याच्यासोबत सुरू करा.

रुग्णाला सांगायचं की नाही, यावर प्रत्येक घरात मारामारी होते. आमच्याकडे हिचे मोठे दीर नको म्हणत होते. हिने वहीतला ब्लॉक नंबर वाचून स्वतःच विचारलं. लपवलं असतं तर पुरळ का आलं, ताप आला तर का पळायचं, हे तिला कळलं नसतं, आणि या आजारात निम्मं लक्ष रुग्णानेच ठेवायचं असतं. मीही त्या काळात रात्री झोपत नव्हतो. सांभाळणाऱ्याने महिन्यातून दोन दिवस तरी दुसऱ्याच्या हाती घर द्यावं. बहिणीला, सुनेला, शेजाऱ्यांना. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

व्हेंटिलेटर हवा का, शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात, हे बरं वाटत असतानाच बोलावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ लेखी इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आम्ही हे बोललो ते दादर स्टेशनवर, गाडी दीड तास लेट होती म्हणून. तिने दोनच गोष्टी सांगितल्या, त्यातली एक कुंड्यांबद्दल होती. गेल्या वर्षी नोटरी करून घेतली. तो कागद फाइलच्या पहिल्याच कप्प्यात आहे, ब्लॉकच्या पावतीच्या मागे.